‘उद्या’चा निरोप

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा शाळेच्या एकूण वाटचालीविषयी लिहावे असे मी ठरवले होते आणि इमारत, स्नेहसंमेलने, कवायत, पार्क मैदानावरील सामने अशी टिपणेही काढली होती. परंतु लिहायला बसल्यावर प्रत्येक वेळी मन नववीच्या वर्गातील फळ्यापाशीच जाऊन थांबले, आणि त्या फळ्यावर एकच धडा होता : डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीच, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत किंवा आपल्या शब्दांत सांगणे. तेव्हा बाकीच्या गुरुजनांची आधीच क्षमा मागतो. इंग्रजीच्या सरांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ते छापलेले आवडणार नाही, आणि ‘सायकलवाले सर’ एवढे म्हटले तरी त्या काळात शाळेत असलेल्या कोणालाही पुरेसे आहे.

आमची तुकडी 1978-79 ची. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. आमच्या वेळी ते पाचवीपासून सुरू होई, म्हणजे नववीत आमचे इंग्रजीचे ते पाचवेच वर्ष. बाजारातील गाइडमध्ये या धड्याचे एक कोष्टक असे. ‘नाऊ’चे ‘देन’, ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चे ‘देअर’. वरच्या वर्गातील मुले ते पाढ्यांसारखे म्हणत. सरांनी मात्र पहिल्या दिवशी इंग्रजीचा एक शब्दही लिहिला नाही.

आपल्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले निम्मीच असत, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पूर्व भागातून येणारी पद्मशाली घरांतील मुले तेलुगू बोलत आणि मागच्या दोन बाकांवर कन्नड चाले. सरांनी तिघांना उभे केले आणि विचारले, “मामा उद्या येणार आहे असे त्याने तुला सांगितले, तर घरी आईला कसे सांगशील?” मग उत्तरे त्यांनी देवनागरीत एकाखाली एक लिहिली : ‘वस्तानु अनि चेप्पाडु’, ‘बर्तीनि अंत हेळिद’, ‘येईन म्हणून सांगितलं’. ‘अनि’, ‘अंत’ आणि ‘म्हणून’ या तीन शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली. मामाचे वाक्य जसेच्या तसे उचलायचे आणि त्याच्या मागे एक लहानसा शब्द टाचायचा, की निरोप तयार. तिन्ही भाषांत क्रियापद ‘मी’चेच राहते, ‘येईन’चे ‘येईल’ होत नाही. मराठीत ‘की’ घालून बोललो तरी तीच गत : ‘मामा म्हणाला की मी येईन.’ इंग्रजीतही ‘दॅट’ आहे, पण त्या ‘दॅट’च्या पलीकडे मूळ बोलणाऱ्याचा ‘आय’ टिकत नाही. निरोप्याला स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या वेळेत उभे राहून बोलावे लागते. आम्ही सर्व जण ‘ही सेड दॅट आय विल कम’ असे का लिहीत होतो, ते त्या दिवशी कळले. पुढे वह्या तपासताना सर अशा वाक्याखाली तांबड्या शाईने फक्त ‘की’ एवढेच लिहीत.

सर्वनामे अशी सुटली, पण ‘टुमॉरो’ माझ्या डोक्यात शिरला तो निराळ्या प्रकारे, आणि तो प्रसंग सांगण्यासाठीच हा लेख आहे.

जानेवारीचे दिवस होते. सरांनी काही मुलांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा विनामूल्य जादा तास सुरू केला होता आणि मला त्यात घ्यायचे होते. माझी अडचण अशी की वडील गिरणीत होते, पाळीप्रमाणे त्यांचा डबा पोचवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि दुसऱ्या पाळीचा डबा नेमका त्या तासाच्या वेळेला असे. तेव्हा सर शुक्रवारी मला म्हणाले, “वडिलांना सांग, मी उद्या सहा वाजता तुमच्याकडे येणार आहे.” त्या संध्याकाळी मी मोठ्या भावाबरोबर होम मैदानावर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, गेलो. पाळणे, मौत का कुआँ, भेंडबत्तासे या सगळ्यात निरोप विसरलो, घरी येऊन झोपलो, आणि शनिवारी सकाळी शाळेला निघताना वडिलांना अगदी प्रामाणिकपणे सांगितले, “सर म्हणाले की मी उद्या सहा वाजता येणार आहे.” शब्द सरांचेच होते, एकही इकडचा तिकडे केला नव्हता. वडिलांनी साहजिकच रविवार धरला आणि शनिवारी दुपारी पाळीवर निघून गेले.

शनिवारी सहा वाजता सर आले. आईने त्यांना खाटेवर बसवले आणि म्हणाली, “तुम्ही उद्या येणार म्हणून पोरानं सांगितलंय, हे तर पाळीला गेले की.” मी दाराआड उभा होतो. सर क्षणभर गप्प राहिले, नंतर मोठ्याने हसले, चहा घेतला आणि सायकलवरून परत गेले. मला वाटले, आता सोमवारी वर्गात आपली काही धडगत नाही. पण रविवारी बरोबर सहा वाजता सर पुन्हा दारात हजर! माझ्या चुकीच्या निरोपाने वडिलांना जी वेळ कळली होती, ती त्यांनी पाळली. तासाला परवानगी मिळाली. डब्याचे काम धाकट्या बहिणीकडे गेले. तिची शाळा सातवीनंतर सुटली, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता असे मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सोमवारी माझे नाव न घेता सरांनी फळ्यावर लिहिले : ‘ही सेड, “आय विल कम टुमॉरो.”’ आणि विचारले, हे वाक्य शुक्रवारी पोचले तर ‘टुमॉरो’ कोणता, शनिवारी पोचले तर कोणता, आणि महिन्याने पोचले तर? शनिवारी सांगणाऱ्याने ‘आज’ म्हणायला हवे होते. महिन्याने सांगणारा ‘द नेक्स्ट डे’ म्हणेल. आणि शुक्रवारीच सांगितले असते तर ‘टुमॉरो’ला हात लावण्याचे काही कारण नव्हते. गाइडमधील कोष्टक यांतील एकच शक्यता गृहीत धरते, निरोप फार उशिरा पोचल्याची, हे आमच्या ध्यानात आले. ते कोष्टक सरांनी शेवटच्या दिवशी, परीक्षेपुरते, दिले. ‘हुर्रे’ आले की ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ लिहिण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. सामना जिंकून आलेला कोणता मुलगा घरी असे सांगतो, असे ते विचारत, आणि मग म्हणत, “गुण मिळतात, लिहा.”

मी 1990 साली जिल्हा न्यायालयात अनुवादक म्हणून रुजू झालो आणि 2022 मध्ये निवृत्त झालो. अपील उच्च न्यायालयात गेले की मराठीत नोंदवलेल्या साक्षींचे इंग्रजी करावे लागे, आणि तेथे हा धडा रोज समोर येई. साक्षीदार सांगतो, ‘आरोपी माझ्या भावाला म्हणाला की मी तुला बघून घेतो.’ मराठीत संदेह नाही. इंग्रजीत नियमाप्रमाणे अप्रत्यक्ष केले तर दोन्ही पुरुष ‘ही’ आणि ‘हिम’ होतात, आणि कोण कोणाला बघून घेणार हे वाचणाऱ्याने ताडायचे. अशा वेळी मी एक तर नाव लिहीत असे, नाही तर शब्द सरळ अवतरणचिन्हांत ठेवत असे. धमकी आणि शिवी तर मी कधीच अप्रत्यक्ष केली नाही. 1872 च्या पुरावा कायद्यातील कलम 60 तोंडी पुरावा प्रत्यक्षच असावा असे सांगे (1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे). ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला गड्ड्याचीच आठवण झाली होती.

माझा नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याच्या कार्यपुस्तिकेत या धड्यावर रिकाम्या जागा असतात आणि तो त्या झरझर भरतो. निरोप कोणी, कोणाला, कधी दिला हे मी विचारले की तो म्हणतो, “आजोबा, तसं काही दिलेलं नाहीये.” खरोखरच दिलेले नसते.

सर आता थकले आहेत, फारसे बाहेर पडत नाहीत. गेल्या रविवारी समितीतील एका मुलाचा फोन आला : “काका, सर म्हणाले की त्याला सांग, आठ दिवसांत लेख पाठव.” मी विचारले, “सर हे कधी म्हणाले?” तो जरा गोंधळला आणि म्हणाला, “बुधवारी.” म्हणजे माझ्या हातात चारच दिवस होते. आज मंगळवार आहे. लेख सोबत पाठवत आहे.