कोल्हापुरी चपलेचं वर्णन परदेशी गिऱ्हाईकासाठी लिहिताना

परवा कोल्हापूरच्या चप्पल लाईनला मित्राच्या दुकानात वेबसाईटचं इंग्लिश लिहीत बसलो. आधीच्या ड्राफ्टमधी नुसतं 'बेस्ट क्वालिटी', 'वर्ल्ड क्लास' भरलेलं, सगळं उडवलं, कारण जर्मनीतल्या माणसाला त्यातनं काय कळणार? त्याऐवजी लिहिलं की कातडं बाभळीची साल आन् हिरडा वापरून कमावलंय, शिवण कातड्याच्याच वादीची हाय आणि २०१९ ला जीआय टॅग, म्हणजे त्या भागातलीच खास वस्तू असल्याची सरकारी ओळख, मिळालाय. बारकी वाक्यं, सोपे शब्द. 'कापशी' हे चपलेच्या प्रकाराचं नाव मात्र तसंच ठेवलं, ते नाव आपलं हाय, पुढं एका ओळीत अर्थ दिला. मापाचं लई महत्त्वाचं, आपला ८ नंबर म्हणजे अमेरिकेतला ८ नव्हं, म्हणून पायाची लांबी सेंटिमीटरमधी. आणि डिलिव्हरीची तारीख ०५/०६ नको, आपल्याकडं ती ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिना अक्षरातच लिवा.