तीन लाखांना २६७ रुपये कमी

२०२३ च्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी बाहेर पडताना मी हातात एक ग्रॅमच्या पाटल्या घातल्या होत्या. खऱ्या पाटल्या आणि सासूबाईंची मोहनमाळ असे साडेतीन तोळे सोने बँकेत गहाण होते. शेजारच्या काकूंनी माझा हात धरून ‘केव्हा केल्यास गं?’ असे विचारले आणि ‘जुन्याच उजळून आणल्या’ असे सांगून मी वेळ मारून नेली. त्या रात्री मुलीची एक अर्धी कोरी वही घेऊन कोणाचे किती देणे आहे, हे मी पहिल्यांदा एका पानावर लिहिले. तोपर्यंत आमच्या घरात प्रत्येक कर्जाची आठवण त्याच्या हप्त्याच्या तारखेपुरतीच होत असे.

आमचे गाव बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. यजमान उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतात आणि मी शहरातील एका खासगी मराठी शाळेत शिकवते. ओव्हरटाइम धरून दोघांचे मिळून महिन्याला सुमारे ३४ हजार रुपये येत. बारा गुंठे शेत आहे. त्यात वर्षाचा नाही, पण सात-आठ महिन्यांचा तांदूळ निघतो आणि भात कापल्यावर त्याच वाफ्यांत थोडा मसूर होतो. एवढे असूनही कर्ज झाले, याचे मुख्य कारण गावची लक्ष्मी यात्रा. आमच्याकडे ही यात्रा बऱ्याच वर्षांच्या अंतराने भरते, आणि ती भरते तेव्हा घराला रंग, लेकीबाळींना साड्या, दारात मांडव आणि तीनशे पानांचे मटणाचे जेवण यांतले काहीही टाळता येत नाही. मार्च २०२२ मध्ये त्यासाठी आम्ही एका सोसायटीकडून दीड लाख रुपये काढले. यात्रा केल्याचे मला आजही वाईट वाटत नाही. इतकी वर्षे ती येणार हे ठाऊक असूनही आम्ही तिच्यासाठी शंभर रुपयेसुद्धा बाजूला टाकले नव्हते, याचे वाटते.

यात्रेनंतर चारच महिन्यांनी सासरे आजारी पडले आणि पुढे गेले. दवाखान्याचे बिल काही क्रेडिट कार्डावर, काही सोने ठेवून आणि काही माझ्या मामांकडून हातउसने घेऊन भागवले. संक्रांतीच्या रात्री वहीत उतरलेले आकडे असे होते : सोसायटीचे मुद्दल १,०८,३३३, कार्ड ६२,०००, सोनेतारण ८०,०००, मामांचे ४०,००० आणि गावातल्या किराणा दुकानाचे खाते ९,४००. एकूण २,९९,७३३, म्हणजे तीन लाखांना २६७ रुपये कमी. यजमानांनी बेरीज दोनदा तपासली, आणि त्यानंतर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

आता यातले आधी कोणते फेडायचे, हा प्रश्न मला वाटला तितका सोपा निघाला नाही, कारण प्रत्येकाचे व्याज वेगळ्या मापात सांगितलेले होते. सोसायटीचे ‘बारा टक्के’, कार्डाचे ‘साडेतीन टक्के’, सोन्याचे ‘अकरा टक्के’. ऐकायला कार्डच सगळ्यांत स्वस्त वाटे! ते साडेतीन टक्के दर महिन्याचे, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्याचा अर्थ विवरणपत्र समोर ठेवून बेरीज-वजाबाकी केल्यावरच कळला. ६२ हजारांवर महिन्याचे व्याज २,१७० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९० रुपये. आम्ही दर महिन्याला इमानाने ‘किमान देय रक्कम’ म्हणून ३,१०० रुपये भरत होतो, आणि त्यातून कर्ज फक्त ५४० रुपयांनी कमी होत होते. तेवढ्याची खरेदी पुन्हा त्याच कार्डावर होत असल्याने ते कमी होतच नव्हते.

सोसायटीच्या पावत्या कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या पिढीतील पुष्कळ जणांप्रमाणे मला कन्नड बोलता येते, पण वाचताना अडखळायला होते. माझी मुलगी सातवीत होती आणि शाळेत तिला कन्नड विषय होता. तिला बसवून दहा महिन्यांच्या दहा पावत्या वाचून घेतल्या. ‘असलु’ म्हणजे मुद्दल ४,१६७ आणि ‘बड्डी’ म्हणजे व्याज १,५००. दुसऱ्या पावतीवर तेच, पाचवीवर तेच, दहावीवरही तेच. मुलीनेच विचारले, की कर्ज कमी झाले तर बड्डी कमी का होत नाही? व्याज तीन वर्षे पहिल्या दिवसाच्या दीड लाखावरच आकारले जात होते. शाळेतील गणिताच्या सरांनी घटत्या शिल्लकेवर हिशेब करून दाखवला, तेव्हा ते बारा टक्के प्रत्यक्षात साधारण २१ टक्के निघाले. सोसायटीत चौकशी केली, तर मधेच थोडे जास्त पैसे भरले तरी व्याज कमी होणार नाही, पूर्ण खाते बंद केले तरच पुढच्या महिन्यांचे व्याज सुटेल, असे सांगण्यात आले. मग सोसायटीचा हप्ता जसा चालू होता तसा ठेवून, वाचेल तो पैसा आधी कार्डात घालायचा असे ठरले.

वाचेल तो पैसा, हे लिहायला सोपे आहे. फेब्रुवारीचे माझे पहिले अंदाजपत्रक अकराव्या दिवशी कोसळले, कारण त्यात पाहुण्यांचा, औषधांचा आणि आहेराचा रकानाच नव्हता. मी ते रागाच्या भरात केले होते. आजारी पडायचे नाही आणि कोणाच्या लग्नाला जायचे नाही, अशा बेताने. दुसऱ्यांदा केले तेव्हा आधी महिनाभर नुसता खर्च लिहिला आणि मगच कात्री लावली. त्यातून महिन्याला ५,४०० रुपये निघाले : किराण्यातून १,६००, यजमानांच्या चहा-नाष्ट्यातून १,३००, फोनवरून मागवल्या जाणाऱ्या कपड्यांतून आणि वस्तूंतून १,२००, बाहेरच्या खाण्यातून ६००, पेट्रोलमधून ४०० आणि केबल-रिचार्जमधून ३००. कार्डाला आधीच जाणारे ३,१०० त्यात मिळवले की ८,५०० होत. यजमानांचा डबा मी पहाटे पाचला उठून करू लागले. त्यांचा तंबाखूचा मावा मात्र पुरता सुटला नाही. चाराचे दोन झाले, आणि त्यावर मी पुढे बोलले नाही.

किराण्याचे सगळ्यांत मोठे नुकसान उधारीत होते. खात्यावर माल घेताना भाव विचारायचा संकोच वाटतो आणि पिशवीत दोन वस्तू जास्त येतात. आमच्या बारा जणींच्या हजार रुपयांच्या भिशीत फेब्रुवारीला माझा नंबर लागला. त्या १२ हजारांतून दुकानाचे ९,४०० रुपये चुकते केले आणि उरलेले कार्डात भरले. व्याज नसलेले कर्ज आधी फेडणे गणिताच्या सरांना पटले नाही, पण खाते मिटल्याशिवाय मला रोखीने दुसरीकडे जाता येत नव्हते. त्यानंतर महिन्याचे जिन्नस रविवार पेठेतून रोखीने आणू लागले. घरचा मसूर विकून बाजारातली तूरडाळ घेण्याची आमची जुनी सवय बंद झाली; आठवड्यातून चार दिवस मसुराची आमटी, यावर मुलीने तक्रार केली, सासूबाईंनी नाही. एक फसगतही सांगते. स्वस्त पडतो म्हणून मी तेलाचा १५ किलोचा डबा आणला. किलोमागे थोडे पैसे वाचले खरे, पण भरलेला डबा समोर असला की हात सैल सुटतो. दोन महिन्यांचे तेल दीड महिन्यात संपले. पुन्हा एकेका लिटरच्या पिशव्यांवर आलो.

या सगळ्यात माझ्या लक्षात आलेली खरी गोष्ट ही, की वाचवलेला पैसा त्याच दिवशी कर्जात गेला नाही, तर तो वाचलेला नसतोच. यजमान डबा नेऊ लागले, तरी पहिल्या महिन्याच्या शेवटी नाष्ट्याचे १,३०० रुपये कुठेच दिसेनात. ते दुसऱ्या कशात तरी मिसळून गेले होते. मग आम्ही नियम केला. रात्री जेवणानंतर त्या दिवशी न झालेल्या खर्चाचे पैसे, कधी ५० तर कधी १२० रुपये, फोनवरून लगेच कार्डाच्या खात्यात भरायचे. कार्डाचे व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजले जाते, त्यामुळे महिनाअखेरची वाट न पाहण्याचा थोडा फायदाही होता. पण मोठा फायदा हा, की सकाळी खात्यात मोह पडावा असे काही उरत नसे.

मार्चपर्यंत कार्ड ५० हजारांच्या खाली आले. त्या सुमारास बँकेतर्फे फोन येऊ लागले, की ठरावीक रक्कम एकदम भरा आणि खाते ‘सेटल’ करा. रक्कम मोहात पाडणारी होती, पण असे मिटवलेले खाते सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात पूर्ण फेडलेले न दिसता ‘सेटल्ड’ असेच दिसते आणि पुढे कर्ज मागताना आड येते, हे सरांनी आधीच सांगितले होते. त्याऐवजी मी वेगळा मार्ग काढला. सोन्याचे भाव वाढले होते. तारण असलेल्या त्याच दागिन्यांवर कर्ज ८० हजारांवरून १ लाख २० हजार करून घेतले आणि ते ४० हजार रुपये त्याच दिवशी कार्डात भरले. ‘कर्ज काढून कर्ज फेडतेस?’ असे म्हणून यजमान दोन दिवस घुश्शात होते. बेचाळीस टक्क्यांचे देणे अकरा टक्क्यांवर आणले, एवढेच मी केले होते. पण त्यांची भीतीही चुकीची नव्हती, कारण रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरायला वेळ लागत नाही. एप्रिलमध्ये उरलेले फेडून मी कार्ड बंद करायला लावले आणि बंद झाल्याचे पत्र घेतले.

त्या वर्षी कर्नाटक सरकारच्या योजनांचाही हातभार लागला. जूनपासून बायकांना बसप्रवास मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळे माझे शाळेला जाण्यायेण्याचे बसभाडे वाचले आणि जुलैच्या वापरापासून गृहज्योतीत विजेचे बिल शून्यावर आले. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २ हजार रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या सासूबाईंच्या खात्यात येऊ लागले. ही रक्कम अंदाजपत्रकात धरायची नाही असे मी ठरवले होते, आणि ती मागायचीही नाही असे. पहिले पैसे आले त्या दिवशी सासूबाईंनी पासबुक माझ्यासमोर ठेवले आणि ‘माझी माळ आधी सोडव’ एवढेच म्हणाल्या.

माळ आधी सुटली नाही. मामांनी एक रुपया व्याज घेतले नव्हते, म्हणून हिशेबाने त्यांचा क्रमांक शेवटचा. पण तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या मुलीचे लग्न होते आणि ते स्वतः कधीच मागणार नव्हते. जून ते नोव्हेंबर या काळात दहा-दहा हजारांच्या चार हप्त्यांत त्यांचे पैसे दिले. मधे दोन महिने कारखान्यात ओव्हरटाइम बंद होता आणि सासूबाईंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, नाहीतर ते आणखी लवकर फिटते.

डिसेंबरपासून रोज २८० रुपयांची पिग्मी, म्हणजे दारात येऊन रोज गोळा केली जाणारी ठेव, सुरू केली. उडुपीच्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही पद्धत आमच्याकडे गल्लोगल्ली चालते. माणूस दारात येतो, त्यामुळे चुकवता येत नाही. मला तिचे व्याज नको होते, पैसा घरात नको होता. सोसायटीच्या कर्जाकडे आता नव्याने पाहिले, तर मुद्दल उतरत होते आणि दरमहाची बड्डी १,५०० वरच होती. मार्च २०२४ मध्ये चोवीस हप्ते झाले तेव्हा मुद्दल उरले बरोबर ५० हजार. त्यावर महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला ३६ टक्के. शेवटचे वर्ष उरले आहे, आपोआप फिटेल, असे सगळे म्हणत होते, आणि नेमके तेच वर्ष सर्वांत महाग होते. पन्नास हजार मुद्दल, मुदतीआधी बंद केल्याबद्दल एका महिन्याचे व्याज १,५००, आणि त्याच महिन्यात सोनेतारणाच्या नूतनीकरणाचे वर्षाचे व्याज १३,२०० असे ६४,७०० रुपये हवे होते. पिग्मीचे ३४ हजार, दिवाळीच्या बोनसचे १८ हजार आणि गृहलक्ष्मीचे १२ हजार मिळून ६४ हजार झाले. उरलेले ७०० मुलीच्या गल्ल्यातून घेतले, वहीत सहावे कर्ज म्हणून तिच्यासमोर लिहिले आणि एप्रिलच्या पगारात फेडले. सोसायटीचा बेबाकी दाखला तिनेच मोठ्याने वाचून दाखवला.

हप्ता सुटल्यावर महिन्याला सुमारे १६ हजार रुपये सोन्याकडे जाऊ लागले. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात कर्ज संपले. सासूबाई माझ्याबरोबर बसने बँकेत आल्या. सीलबंद पाकीट फोडून दागिने वजन करून दिले, तेव्हा त्यांनी वजनाकडे पाहिले नाही, माळेचा आकडा तेवढा दोनदा उघडून-लावून पाहिला.

पुढची यात्रा कधी भरेल, याची पंचांत अजून बोलणीही नाहीत. तिच्यासाठी जानेवारी २०२५ पासून रोज ५० रुपयांची वेगळी पिग्मी सुरू आहे. खाते कोणाच्या नावाने काढायचे असे पिग्मीवाल्याने विचारले, तेव्हा सासूबाईंनी त्याला ‘लक्ष्मी’ असे सांगितले, आणि देवीचे आधारकार्ड लागेल असे तो म्हणाल्यावर मग स्वतःचे दिले.