टेपवर मेलच का निघाला

दूध संघात दर १० दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. बिलाच्या आदल्या दिवशी सकाळी अकाउंट्सच्या बाईंचा फोन आला, "सर, बिलाच्या टेबलमध्ये काहीच दिसत नाही." डेटाबेसला दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं (क्वेरीनं) ते साफ झालं होतं. सर्व्हर मी सांभाळतो. मी म्हणालो, घाबरू नका, रात्रीच्या बॅकअपची टेप आहे.

लिनक्स सर्व्हर, त्याला जोडलेला एलटीओ-४ ड्राइव्ह, म्हणजे टेपवर डेटा लिहिणारं आणि वाचणारं यंत्र. रोज रात्री टेपवर ओळीनं ३ फाइली जायच्या: डेटाबेस, स्कॅन केलेली कागदपत्रं, शेवटी मेल. पहिली फाइल उघडली तर आत मेल! पुढच्या फाइलवर जायला सांगितलं, तर इनपुट-आउटपुट एरर.

दुपारपर्यंत मी ड्राइव्हच्याच मागे होतो. क्लीनिंग टेप फिरवली, ड्राइव्ह सर्व्हरला जोडणारी एसएएस केबल काढून बसवली, ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर मॉड्यूल) काढून पुन्हा चढवलं. परवाची टेप घातली, मग तेरवाची. तेच. तीन टेप एकाच जागी सारख्याच बिघडत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी ड्रायव्हरचं डीबगिंग चालू करून सेन्स की, म्हणजे नेमकं काय चुकलं ते सांगणारा ड्राइव्हचा कोड, वाचली. टेप खराब असेल तर 'मीडियम एरर' येते, ड्राइव्ह बिघडला असेल तर 'हार्डवेअर एरर'. इथे होतं 'ब्लँक चेक', म्हणजे पुढे काही लिहिलेलंच नाही. ड्राइव्ह सकाळपासून खरं तेच सांगत होता.

मग रोज रात्री टेपवर लिहिणारी आज्ञांची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, उघडली. ती माझीच, ८ महिन्यांपूर्वी सर्व्हर बदलताना लिहिलेली. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात. 'एनएसटी-शून्य' वापरलं तर काम संपल्यावर टेप आहे तिथेच थांबते, 'एसटी-शून्य' वापरलं तर आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. मी 'एन' लिहिलाच नव्हता. डेटाबेसवर कागदपत्रं, कागदपत्रांवर मेल, रोज रात्री. नवं लिहिणं संपतं तिथे ड्राइव्ह शेवटाची खूण करतो. त्यापलीकडे जुनं काही उरलं असलं तरी तो तिकडे जात नाही. लॉगमध्ये मात्र रोज तिन्ही कामं यशस्वी, कारण प्रत्येक काम आपापल्या परीनं झालेलंच होतं. टेप परत वाचून मी एकदाही पाहिली नव्हती.

खुर्चीतून उठायला मला वेळ लागला. पाच-सहा गुरांवर घर चालवणाऱ्या माणसांचे पैसे होते ते.

चाचणीच्या सर्व्हरवर १२ दिवसांपूर्वीची प्रत सापडली. मधल्या दिवसांचं दूध आणि फॅट संकलन केंद्रांवरच्या वह्यांतून पुन्हा भरायचं ठरलं. बाईंनी आणि आणखी चौघांनी ते दोन रात्री बसून भरलं. वहीतला आकडा एक जण वाचायचा, दुसरा टाइप करायचा, तिसरा ताडून बघायचा. बिलं दोन दिवस उशिरा निघाली.

तिसऱ्या रात्री नवी स्क्रिप्ट चालवली. लिहून झाल्यावर टेप मागे घेऊन तिन्ही फाइली वाचणारी ओळ आता तिच्यात आहे. मी ड्राइव्हशेजारीच बसलो होतो. पहिली फाइल उघडली, डेटाबेस. बिलाचं टेबल बाजूला काढून ओळी मोजल्या आणि बाईंना फोनवर आकडा सांगितला. त्यांनी त्यांच्याकडचा वाचून दाखवला. जुळला.