तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन नाही, तर भेट द्यायला काय शिवू?

बारशाला गेलं की हा प्रश्न हमखास येतो. पाळण्यापाशी बायका जमलेल्या असतात, कुणीतरी मी आणलेलं दुपटं उलटसुलट करून बघतं आणि मला जरा बाजूला घेऊन विचारतं, "मलाही असं काहीतरी द्यायचंय हो. भाचीला आठवा लागलाय. पण घरात मशीन नाही आणि शाळा सुटल्यापासून मी सुई हातात धरलेली नाही. काय शिवू?" तेवढ्यात घुगऱ्या वाटायला बोलावणं येतं आणि माझं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून आज सविस्तर सांगते.

दुपटंच शिवा.

त्याला एकच टाका लागतो, धावदोरा. सुई खाली, सुई वर. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर सगळ्यात आधी घालायला शिकवलेला तोच. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातली कौदी आणि आपली गोधडी या सगळ्या ह्याच टाक्यावर उभ्या आहेत. "मला एवढंच येतं" असं तुम्ही म्हणता ना, तेवढंच लागतं.

दुपटं म्हणण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका मैत्रिणीला मी लग्नात भरतकाम केलेला मोठा टेबलक्लॉथ दिला होता. तीन महिने खपून केलेला. सहा वर्षांनी तिच्याकडे गेले तर तो कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत, मी घातलेल्या घड्यांसकट तसाच होता. "खराब होईल म्हणून काढलाच नाही गं," ती अगदी प्रेमानं म्हणाली. त्या दिवसापासून मी असंच शिवते जे धुऊन, पिळून, उन्हात वाळवून परत वापरता येईल. दुपटं पहिल्याच दिवशी ओलं होतं, आणि तेच मला हवं असतं.

आता कापड. नवं आणू नका. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा जुन्या मऊ कापडात घेतात, आणि त्यामागे साधा व्यवहार आहे. माझी आजी सांगायची, "नव्या कापडात खळ असते, ती कोवळ्या अंगाला टोचते." शंभर वेळा धुतलेली सुती साडी घ्या. आईची, सासूची, आजीची. बाळाच्या आईची स्वतःचीच एखादी मिळाली तर फारच छान. साडी सुती आहे की मिश्र धाग्याची याची शंका आली तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि भुरकी राख पडते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. तसली साडी दुपट्याला नको, ती घाम टिपत नाही.

मग साडी उजेडाकडे धरा. खिडकीत उभं राहून, दोन्ही हातांत ताणून. निऱ्यांचा खालचा काठ जमिनीला घासून विरलेला असतो, तिथून उजेड चाळणीतून यावा तसा येतो. तो भाग सोडा. पहिला वेढा कमरेशी आत खोचलेला असतो, तिथलं कापड बहुतेक शाबूत निघतं. साडेपाच मीटरच्या साडीत तिच्या रुंदीएवढे चार चौकोन निघतात आणि वर पदर उरतो. तीन चौकोन एका दुपट्याचे तीन थर. चौथ्यात पट्ट्या, ठिगळं, आणि चुकलंच तर चुकीची भरपाई. काठ सुंदर असेल तर तो कापून वरच्या थरावर मधोमध लावा. काठातली जरी मात्र काढून टाका, ती बाळाला खरवडते.

सगळ्यात जास्त लक्ष अंथरण्याकडे द्या. दुपटं बिघडतं ते इथेच, शिवताना नाही. फरशी पुसून कोरडी करा, खालचा थर अंथरा, हातानं मधून कडेला सारखा करत न्या, मग दुसरा, मग तिसरा. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवा. वरच्या आणि खालच्या थरांच्या कडा बोटभर आत दुमडा, मधला थर तेवढा आत कापा. आता लांब लांब टाक्यांचा कच्चा दोरा घाला, मध्यापासून सुरू करून कडेकडे, सूर्याच्या किरणांसारखा. कडेपासून सुरुवात केलीत तर मध्ये फुगा येतो आणि तो काही केल्या बसत नाही. माझ्या पहिल्या दुपट्यात असा फुगा आला होता. आजीनं सगळं उसवायला लावलं आणि तेव्हा मला रडू आलं होतं. आज मी स्वतः तेच सांगते: फुगा दिसला की लगेच उसवा.

एवढं झालं की पुढचं काम मांडीवर. दोरा सुती घ्या, हातभरच ओवा. लांब दोरा वेळ वाचवत नाही, गुंते सोडवण्यातच संध्याकाळ जाते. गाठ बारीक मारा आणि सुई वरच्या थरात घालून दोऱ्याला हलका झटका द्या. टुक् असा बारीक आवाज येतो आणि गाठ थरांच्या मध्ये जाऊन बसते. बाळाच्या पाठीखाली एकही गाठ येता कामा नये. मग कडेनं एक फेरा आणि आत समांतर ओळी. दोन बोटांचं अंतर धरलं तर तीसेक ओळी होतात, म्हणजे साधारण ३० ते ३५ मीटर धावदोरा. आकडा ऐकून घाबरू नका. सुईवर एका वेळी चार-पाच टाके घेऊन मग ओढलं की तासाला तीन मीटर सहज होतं. रोज तासभर बसलात तर दहा-बारा दिवसांत दुपटं तयार. ओळी वाकड्या झाल्या तर होऊ द्या. पहिल्या धुण्यात कापड थोडं आवळतं, प्रत्येक टाक्याभोवती बारीक चुणी पडते, आणि त्या चुण्यांत तुमची वाकडी ओळ दिसेनाशी होते. गोधडीचं सगळं रूप त्या चुण्यांत असतं.

कोपऱ्यांना मी कापडाचे लहान चौकोन दुमडून केलेले त्रिकोण लावते. हे मी सिद्दी बायकांच्या कवंदीतून, म्हणजे त्यांच्या गोधडीतून घेतलं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला हा मूळ आफ्रिकेतून आलेला समाज राहतो. त्यांच्या कवंद्या रंगीत ठिगळांच्या असतात आणि चारी कोपऱ्यांवर अशी घडीची 'फुलं' असतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, अपुरी मानतात. मला ते इतकं आवडलं की तेव्हापासून माझं एकही दुपटं बिनफुलांचं गेलेलं नाही.

शिवून झालं की कच्चा दोरा काढा आणि सुया मोजा. हे मी हात जोडून सांगते. बसताना जितक्या सुया आणि टाचण्या घेतल्या, उठताना तितक्याच परत आल्या पाहिजेत. आजीच्या सुया पितळी डबीत मोजून असायच्या. एक कमी भरली तर दिवा आणून, केरसुणी फिरवून, सगळं घर पालथं घालून ती शोधायची आणि सापडल्याशिवाय कुणाला पान वाढायची नाही. म्हणून शिवण सुरू करणाऱ्या प्रत्येकीला मी आधी सुईघर करायला लावते, आणि ते फेल्टचं.

फेल्टबद्दलही बरेच जण विचारतात, कारण दुकानात ते रंगीत कागदांसारखं रचून ठेवलेलं असतं आणि हात आपोआप तिकडे जातो. फेल्टला उभा-आडवा धागा नसतो. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओलं करून, ऊब देऊन, दाबून-रगडून ते एकमेकांत अडकवले की त्याचं कापड होतं. काश्मीरचा नमदा असाच बनतो. आपल्या स्टेशनरीच्या दुकानातलं फेल्ट बहुतेक कृत्रिम धाग्याचं असतं, काटेरी सुया टोचून यंत्रावर गुंतवलेलं. विणच नसल्यामुळे त्याचे दोरे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही, कापलं तसं राहतं. नवशिक्याला याहून मोठी सोय नाही. पण ते घासलं की त्यावर गोळे येतात, धुतलं की कधी कधी रंग सोडतं आणि गरम इस्त्रीखाली वितळतं. म्हणून मी फेल्ट रोज धुवायच्या वस्तूंना वापरत नाही, गरम भांड्याखाली तर कधीच नाही. सुईघर, पुस्तकातली खूण, चष्म्याचं घर, दिवाळीच्या फराळाच्या डब्यावर बांधायची पणती, दाराचं आंब्याच्या पानांचं तोरण, एवढ्याला ते उत्तम.

सुईघर दोन संध्याकाळींचं काम आहे. २० बाय १० सेंटीमीटरचा एक तुकडा, हे वेष्टन. १८ बाय ८ चे दोन, ही पानं. पानं वेष्टनावर मधोमध ठेवून वहीसारखी घडी घाला आणि घडीवर पाच-सहा पक्के टाके मारा. वेष्टनाच्या कडेनं काजटाका. भरतकामाच्या दोऱ्याची लडी सहा पदरी असते, त्यातले दोनच पदर ओवा. सुई कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत घाला, खालून निघताना दोरा सुईच्या टोकाखाली ठेवा, मग ओढा. दोरा कडेवर आडवा झोपतो आणि पुढचा टाका त्याला धरून ठेवतो. कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके घ्या, म्हणजे कोपरा उघडा पडत नाही. सुया पहिल्या पानावर, टाचण्या दुसऱ्यावर. पान उघडलं की किती आहेत ते एका नजरेत कळतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला सांगायला जड जाते. पुतण्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी फेल्टचा हत्ती केला होता, डोळ्यांना काळी चमकदार बटणं. पक्का दोरा, चार-चार वेळा फिरवलेला. दोन महिन्यांनी जावेचा फोन आला. एक बटण त्यानं चावून काढलं होतं आणि तिनं तोंडात बोट घालून ते वेळेवर बाहेर काढलं. ती मला एक शब्दही बोलली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दोरा कितीही पक्का असला तरी फेल्ट त्याच्याभोवती फाटतं, हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या कुठल्याही वस्तूला बटण, मणी, टिकली, घुंगरू लावू नका. डोळे दोऱ्यानंच भरा, साखळी टाक्याचा लहानसा गोल. आणि दुपटं देतानाही आईला सांगा की ते खाली अंथरायला, न्हाऊ घातल्यावर गुंडाळायला, मांडीवर घ्यायला आहे. तान्हं बाळ झोपलेलं असताना अंगावर सैल पांघरूण नको, असं डॉक्टर सांगतात आणि ते मनापासून ऐकावं.

देण्याआधी दुपटं गरम पाण्यात धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवा. कागदात गुंडाळू नका, त्याच साडीच्या उरलेल्या काठानं बांधा.

दुसरा प्रश्नही तुम्ही लोक विचारता, की मी दुपटी विकत का देत नाही. नोकरी सांभाळून माझ्या हातून वर्षाला चार-पाचच होतात आणि ती घरच्या, जवळच्या बाळांना पुरतात. पण वेळ नसेल तर विकत जरूर घ्या. आपल्याकडे गावोगावी गोधड्या शिवून घर चालवणाऱ्या बायका आहेत. तुम्ही साडी दिलीत तर त्यातूनही शिवून देतात. फक्त तिथे घासाघीस करू नका. वर सांगितलं तसं एका लहान दुपट्याला दहा-बारा तास जातात आणि माणसाच्या अंगाएवढी गोधडी म्हणजे अशी दोन-तीन दुपटी. त्या तासांचे पैसे दिवसाच्या मजुरीप्रमाणे मांडा, त्यात तिच्या पाठीचं आणि डोळ्यांचं दुखणं धरा, मग ती सांगेल तो आकडा जास्त वाटणार नाही.

आठवा लागलाय म्हणालात, म्हणजे हातात निदान सहा-सात आठवडे आहेत. पुष्कळ झाले. या रविवारी आईचं कपाट उघडा आणि दोन-तीन जुन्या साड्या घेऊन माझ्याकडे या. खिडकीपाशी उजेडाकडे धरून बघू, कुठली घ्यायची ते.