पंखा बंद ठेवून: इतिहासाच्या पॉडकास्टवर निर्मिती साहाय्यक म्हणून माझा अनुभव

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या विद्यापीठाच्या इतिहासविषयक पॉडकास्टसाठी निर्मिती साहाय्यक हवा असल्याची सूचना विभागाच्या फलकावर लागली आणि मानधन किरकोळ असूनही मी अर्ज केला. जुने कागद वाचायला मिळतील, हौसेने शिकलेली मोडी लिपी उपयोगी पडेल, अशी माझी समजूत होती. पहिल्या महिन्यात मोडीचे एक अक्षरही डोळ्यांसमोर आले नाही. बॅटऱ्या चार्ज करणे, तज्ज्ञांच्या वेळा जुळवणे, ध्वनिमुद्रणाची खोली राखून ठेवणे आणि मुद्रण संपताच फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून तिला तारीख व वक्त्याचे नाव देणे, एवढेच माझे काम होते. या शेवटच्या कामात मी एकदा आळस केला आणि ‘नवीन’, ‘नवीन शेवटची’ व ‘नवीन शेवटची दुरुस्त’ या तीन फायलींपैकी खरी शेवटची कोणती, हे ठरवण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

काम म्हणजे काय हे कळले ते पानशेतच्या पुरावरील भागाच्या वेळी. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले. आमचा भागही १२ जुलैलाच प्रसारित करायचा होता, म्हणून मुलाखती मे महिन्यात सुरू केल्या. निवेदन करणाऱ्या मॅडम संहिता लिहीत आणि तिच्यातील प्रत्येक विधानाचा आधार नोंदवण्याचा तक्ता माझ्याकडे असे: विधान, ते कोठून घेतले, दुसऱ्या कोणत्या साधनात ते सापडते आणि शंका, असे त्याचे चार रकाने होते. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाला पानशेत आपल्याला ठाऊक आहे असे वाटते आणि नेमक्या त्यामुळेच चुका नजरेतून सुटतात. पहिल्या मसुद्यात ‘मुठेवरील पानशेत धरण’ असा उल्लेख होता. ते धरण आंबी नदीवर आहे. ते फुटल्यावर आलेला लोंढा खडकवासल्याच्या एकोणिसाव्या शतकातील दगडी धरणालाही पेलवला नाही आणि मग मुठेतून पाणी शहरात शिरले. आणखी एका ठिकाणी ‘चौकशी आयोगाने’ असे एकवचन होते. प्रत्यक्षात न्यायमूर्ती बावडेकर यांच्या मृत्यूमुळे पहिल्या आयोगाचे काम अपुरे राहिले आणि न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे नव्याने चौकशी सोपवावी लागली. मॅडमना हे माहीत नव्हते असे मुळीच नाही. पण कानांसाठी लिहिताना वाक्य सुटसुटीत करण्याच्या नादात असे तपशील गळून पडतात, आणि ते पुन्हा जागेवर बसवणारा कोणीतरी लागतो.

ज्यांच्या मुलाखतीवर हा भाग उभा राहिला त्या आजी पुराच्या वेळी नुकत्याच लग्न होऊन नारायण पेठेतल्या एका वाड्यात आल्या होत्या. आता त्या कोथरूडला मुलाकडे राहतात. मी संमतीपत्र मोठ्या अक्षरांत छापून नेले होते आणि ते त्यांना वाचूनही दाखवले. त्यानंतरची वीस मिनिटे मात्र मी त्यांच्या घरातले आवाज बंद करत हिंडत होते. फ्रिज बंद करायचा झाला की आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायची आठवण राहते, ही युक्ती मला आमच्या तंत्रज्ञांनी शिकवली होती. सूनबाईंनी ती पाहिली आणि मी निघेपर्यंत त्या माझ्याकडे थोड्या संशयानेच पाहत होत्या. कुकर पुढे ढकलला गेला. आजींचा विरोध होता तो फक्त पंखा बंद करायला. “अगं, मे महिना आहे हा,” असे म्हणून त्यांनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पदराला लावलेला छोटा माइक त्यासोबत हलू लागला आणि मला तो काढून टेबलावरच्या स्टँडवर मोठा माइक लावावा लागला.

एक अडचण कोणत्याही सूचनापत्रात लिहिलेली नव्हती. समोरच्याच्या बोलण्यावर आपला आवाज चढू नये म्हणून मुलाखत घेणाऱ्याने गप्प राहायचे असते. पण आपल्याकडे कोणी काही सांगत असताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. तो दिला नाही तर सांगणाऱ्याला वाटते की याचे लक्ष नाही. मी तोंड मिटून बसले आणि पाच मिनिटांत आजी थांबल्या. “कंटाळलीस का गं?” हे त्यांचे वाक्य त्या फायलीत अजून आहे. त्यापुढचा सगळा वेळ मी नुसती मान हलवत राहिले, आणि संध्याकाळी मान खरोखरच दुखत होती.

तासाभराच्या मुलाखतीचे बोलणे शब्दशः उतरवून काढायला मला सहा तास लागले. यंत्राकडून केलेल्या मसुद्यात सगळ्या पेठांचे ‘पेट’ झाले होते, त्यामुळे मी तो बाजूला ठेवला. उतरवताना आजींची दोन विधाने तक्त्याच्या शंकेच्या रकान्यात गेली. ‘त्या दिवशी अमावास्या होती’ हे एक आणि ‘त्या दिवशी गुरुवार, माझा उपवास होता’ हे दुसरे. पंचांग काढून पाहिले तर अमावास्या अचूक होती. वार मात्र बुधवार होता.

आता काय करायचे, यावर आमच्यात बराच खल झाला. संपादन करणाऱ्या सरांचे म्हणणे असे की ते वाक्य कापावे. दोन सेकंदांचे काम आहे आणि कोणाला कळणारही नाही. मॅडम म्हणाल्या की वाक्य ठेवून निवेदनात वार दुरुस्त करावा. मला दोन्ही पटेना. पहिल्यात एका माणसाची आठवण गुपचूप नीटनेटकी होत होती आणि दुसऱ्यात आजींनाच सगळ्यांदेखत खोटे पाडल्यासारखे होत होते. मी त्यांना एकदा विचारून पाहते, असे म्हणून मी दूरध्वनी केला. तपासणीचा सूर लागू नये म्हणून वाराचा विषय न काढता उपवास कसा सोडला एवढेच विचारले.

“उपवास कुठला सोडतेय, मोडला,” आजी म्हणाल्या. त्यांच्या घरातली सगळी माणसे एका शाळेत आसऱ्याला होती, तिथे कोणीतरी पोळीभाजी आणली आणि सासूबाईंनी स्वतः घास हातावर ठेवून ‘आज खा’ म्हणून सांगितले. म्हणजे त्यांचा गुरुवार खरा होता. तो दुसरा दिवस होता, १३ जुलै. मुलाखतीत मी ‘त्या दिवशी’ असे विचारत गेले होते आणि त्यांच्या लेखी पाणी चढले तेव्हापासून शाळेतला तो घास खाईपर्यंत सगळा एकच दिवस होता. चूक त्यांच्या आठवणीपेक्षा माझ्या प्रश्नात अधिक होती. तक्त्यातील शंका मी खोडली नाही, तिच्यापुढे दूरध्वनीची तारीख आणि मिळालेले उत्तर लिहिले.

आम्ही पुन्हा कोथरूडला जाऊन तो एवढाच प्रसंग नव्याने मुद्रित केला. मे महिन्यातल्या मुलाखतीत आणि या तुकड्यात सांधा जाणवू नये म्हणून दोन्ही वेळा मी बोलणे संपल्यावर मिनिटभर खोलीतली नुसती शांतता मुद्रित केली होती. शब्दांमधल्या रिकाम्या जागा त्याच शांततेने भरायच्या असतात, कारण पूर्ण निःशब्दता कानाला लगेच खटकते. या दुसऱ्या भेटीत आजींनी नात्यातल्या एका माणसाविषयीचा उल्लेख काढायला सांगितला. तो ऐकायला फार चांगला होता. संमतीपत्रात तसा हक्क त्यांना दिलेला असल्यामुळे कोणीही वाद न घालता तो काढला.

१२ जुलैला भाग प्रसारित झाला. संध्याकाळी मी आजींना दूरध्वनी करून कसा वाटला ते विचारले. सूनबाईंनी त्यांना तो दोनदा ऐकवला होता. “चांगला झालाय,” त्या म्हणाल्या, “पण पंख्याचा आवाज तर कुठेच आला नाही. मग उगीच कशाला बंद करायला लावलास?”