धुराचा फोटो

माझा धंदा चादरी-टॉवेलांचे फोटो काढायचा. कॅटलॉग, खोक्यावरचं चित्र आणि दिवाळीच्या सुमाराला कॅलेंडर. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या शेठना त्या वर्षी देवांची चित्रं नको होती. लहानपणी बार्शी लाइटच्या, म्हणजे कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीच्या, टपावर बसून आषाढीला पंढरपूर गाठलेला माणूस. त्यांना वाफेची इंजिनं हवी होती. ती आता कुर्डुवाडीत कुठली? मग दार्जिलिंगची डोंगरातली छोटी गाडी ठरली. सोबतीला त्यांनी रेल्वे लाइन्समधले एक काका दिले. पंढरपूर-मिरज लायनीवरचे जुने फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे.

प्रवासाचं सांगत बसत नाही. काकांना थंडी सोसली नाही, एवढंच.

दार्जिलिंग स्टेशनात पाय ठेवल्या ठेवल्या काकांनी आधी रुळांमधलं अंतर बघितलं. "दोन फुटी. आपली अडीच." छाती थोडी फुगली. पण ही लाइन १८८१ची, बार्शी लाइट १८९७ची, हे कळल्यावर म्हणाले, "मग थोरली म्हणायची." इंजिन 'बी' वर्गातलं. या वर्गाची पहिली इंजिनं १८८९मध्ये ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीनं बांधली. एवढ्याशा इंजिनावर माणसं किती! ड्रायव्हर, फायरमन, वर बसून कोळसा फोडणारा पोरगा, शिवाय चढावर चाक घसरू नये म्हणून अगदी पुढं बसून रुळावर वाळू टाकणारे. मला सगळ्यात आवडले ते हे वाळूवाले. चेहरे थेट कॅमेऱ्याकडं आणि पाठीमागं धगधगतं इंजिन.

गाडी वरच्या घूम स्टेशनाकडं चढायला लागली की रस्ता आणि रूळ जवळपास जोडीनंच जातात. वेग इतका कमी की जीप पुढं काढून, उतरून, जागा धरून उभं राहायला वेळ मिळतो. आकाश स्वच्छ होतं, कांचनजंगा पूर्ण उघडं. मागं बर्फ, मध्ये पांढरी वाफ आणि पुढं काळंकुट्ट इंजिन; कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं ऐकलं तर इंजिनाच्या जागी नुसता काळा ठिपका येतो. पण पांढऱ्या टॉवेलाचे धागे उजेडात हरवू न देता फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळं उजेडाची चिंता नव्हती. मला हवा होता धूर. रूळ गोल फिरून चढतात त्या बतासिया लूपच्या आधी मी म्हटलं, "काका, फायरमनला सांगा की, वळणावर जरा काळा धूर सोड म्हणून."

काका माझ्याकडं बघतच राहिले.

"का बे, त्याची अब्रू काढतो का?"

मग जीपमध्ये जे सुरू झालं ते घूम येईपर्यंत थांबलं नाही. काळा धूर म्हणजे न जळता वाया गेलेला कोळसा. फावडं भरभरून एकदम ओतलं की भट्टी गुदमरते आणि धुराडं काळं ओकतं. शहाणा फायरमन थोडा थोडा कोळसा पसरून टाकतो, जाळ पातळ आणि लख्ख ठेवतो, दाराची फट उघडी ठेवून वरून हवा देतो. साहेब लांबूनच धुराडं बघायचा आणि फायरमन कसा आहे ते ओळखायचा. "आणि ही पांढरी वाफ इथल्या थंडीनं दिसती. आपल्याकडं मे महिन्यात काही दिसायचं नाही, नुसती हवा थरथरायची."

काकांचं सगळं खरं. पण फोटोला आवाज नसतो. इंजिन जीव तोडून ओढतंय हे मुक्या कागदावर सांगायला धुरासारखं दुसरं काही नाही, आणि यावर मी अजून ठाम आहे.

धूर मागायची वेळ आलीच नाही. लूपवर चढताना भट्टीत एकदम कोळसा पडला असावा. धुराडं एकदम काळं झालं, थोड्या वेळानं निवळलं आणि पांढरी वाफ सरळ वर गेली. दोन्ही मला मिळाले.

घूम २,२५८ मीटरवर. गाडी थांबल्यावर काका इंजिनापाशी गेले आणि सोलापुरी हिंदीत सुरू झाले. फायरमन हसत म्हणाला, फोटोवाले रोज धूरच मागतात. काकांनी लांबूनच वाकून भट्टीत बघितलं, मान डोलावली आणि पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. कोळसा फोडणारा पोरगा तशाच काळ्या हातानं जेवला.

परत आल्यावर शेठनी कव्हरसाठी धुराचाच फोटो उचलला. स्वच्छ वाफेचा फोटो फेब्रुवारीत गेला. काकांनी नमुना प्रत हातात घेतली, चष्मा वर केला आणि शेठना म्हणाले, "छापा. पण खाली फायरमनचं नाव तेवढं टाकू नका."