रेस कुठल्या बोटावर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खरं तर दिवाळीत ज्या ज्या घरात नवा कन्सोल येतो, तिथून मला हाच प्रश्न येतो: गाड्यांच्या गेममध्ये बटणं कशी लावायची? रेस, म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर, रिमोटच्या (कंट्रोलरच्या) मागच्या ट्रिगरवर, म्हणजे तर्जनीने ओढायच्या बटणावर, ठेवायची की अंगठ्याखाली? गिअर कुठे घ्यायचे, आणि त्या हँडब्रेकचं काय करायचं? मी यातला तज्ज्ञ वगैरे नाही. सांगलीत मामेभावाचं गेम पार्लर होतं, कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथे गल्ल्यावर बसायचो, आणि तासाच्या हिशेबाने खेळणाऱ्या पोरांचे हात बघत बसणं एवढंच मला काम असायचं. ती सवय अजून गेलेली नाही. कोणी खेळायला बसलं की मी स्क्रीनकडे कमी आणि बोटांकडे जास्त बघतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या. रेस उजव्या ट्रिगरवर, ब्रेक डाव्या ट्रिगरवर. या दोघांना हात लावू नका. बदलायचेच असतील तर गिअर आणि हँडब्रेक बदला. एवढ्यावर समाधान झालं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण तेवढ्यावर समाधान होत नाही, कारण विचारणारा चाळिशीच्या आसपासचा असेल तर लगेच म्हणतो, "मला एक्सवर सवय आहे." (प्लेस्टेशनचा एक्स, म्हणजे खालचं बटण. एक्सबॉक्सचा एक्स डावीकडे असतो, आणि फोनवर समजावून सांगताना यावरून भांडणं होतात.) ही सवय आळसातून आलेली नाही, तिला कारण आहे. पहिल्या प्लेस्टेशनवर 'ग्रॅन टुरिस्मो' हा गाड्यांचा गेम 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये आला, तेव्हा रेस एक्सवर आणि ब्रेक त्याच्या शेजारच्या चौकोनावर होता. त्या रिमोटच्या मागची बटणंही नुसती चालू-बंद होती, त्यामुळे रेस तिकडे नेऊनही काही मिळणार नव्हतं. आमच्याकडच्या बऱ्याच रिमोटना तर स्टिकही (अंगठ्याने कलवायच्या दांड्या) नव्हत्या. बाणांनीच गाडी वळवायची. बाण दाबला की चाक वळलं, सोडला की सरळ. मग पट्टीचे खेळणारे लांब वळणात बाणावर टकटक, टकटक करत गाडी काढायचे आणि तीच टकटक एक्सवरही चालायची. अर्धी रेस मिळवायचा तेवढाच मार्ग होता.

त्याच काळात नामको या गेम कंपनीने जपानमध्ये नेजिकॉन नावाचा एक विलक्षण रिमोट काढला होता, 1995 साली. तो मधोमध पिळता यायचा. डावा आणि उजवा भाग उलटसुलट फिरवला की गाडी वळायची, आणि त्याची दोन बटणं जेवढी दाबाल तेवढी रेस किंवा ब्रेक द्यायची. सांगलीत तो कधी कोणी पाहिला नाही. पण गाडीच्या गेमला काय लागतं हे त्या पिळण्याच्या खेळण्याला सगळ्यात आधी कळलं होतं, असं माझं मत आहे.

मग 2000 साली प्लेस्टेशन 2 आला आणि त्याच्या ड्युअलशॉक 2 या रिमोटमध्ये अंगठ्याखालची बटणंसुद्धा दाब ओळखू लागली. पुढच्या वर्षी आलेल्या 'ग्रॅन टुरिस्मो 3' मध्ये एक्स हलका दाबला तर थोडी रेस, घट्ट दाबला तर पूर्ण. पार्लरमध्ये हे फार कमी जणांना माहीत होतं. बाकीचे जिवाच्या आकांताने एक्स चेपायचे, आणि रिमोट उघडला की एक्सखालचंच रबर सगळ्यात आधी फाटलेलं निघायचं. पण ज्यांना ती मेख कळली होती, ते आजही सांगतात की एक्सवर आम्ही अर्धी रेस धरायचो. खरं सांगतात. अडचण एवढीच, की 2013 च्या प्लेस्टेशन 4 बरोबर आलेल्या ड्युअलशॉक 4 मधून सोनीने त्या बटणांची दाब ओळखण्याची सोय काढून टाकली. आज एक्सवर रेस ठेवलीत तर ती पूर्ण तरी असते किंवा अजिबात नसते. अंगठा तोच आहे, पण त्याच्याखालचं बटण आता तसं राहिलेलं नाही.

ट्रिगरची गोष्ट नेमकी उलट्या दिशेने गेली. सेगाने 1996 मध्ये सॅटर्न या आपल्या कन्सोलच्या थ्रीडी पॅडला आणि 1998 मध्ये पुढच्या ड्रीमकास्टला, मायक्रोसॉफ्टने 2001 मध्ये पहिल्या एक्सबॉक्सला दाब ओळखणारे ट्रिगर दिले. सोनीने 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 ला दिले खरे, पण ते बाहेरून फुगीर होते, घामेजलेलं बोट त्यावरून सटकायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. लोक पुन्हा एक्सकडे वळले ते या घसरगुंडीमुळेच. ड्युअलशॉक 4 ला ट्रिगर आत वाकलेले आले, बोट अडकून राहू लागलं, आणि प्रश्न मिटला.

स्कूटर चालवणाऱ्यांना ही मांडणी पटकन जमते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. अ‍ॅक्टिव्हावर उजवा हात रेस देतो आणि डावा ब्रेक धरतो. दोन्ही कामं वेगळ्या हातांकडे. कार चालवणाऱ्याचा एकच उजवा पाय ब्रेकवरून रेसवर आणि रेसवरून ब्रेकवर नाचत असतो, म्हणून तो सुरुवातीला दोन्ही ट्रिगर एकदम दाबून गोंधळतो. आठवडाभरात सुटतो तो गोंधळ.

आता मुद्द्याचं. बटणं लावताना मी बटणांपासून सुरुवात करत नाही, वळणापासून करतो. रिमोटवर तुमच्याकडे कामाची चार बोटं असतात: दोन अंगठे, दोन तर्जन्या. डावा अंगठा स्टिअरिंगला कायमचा बांधलेला. उरली तीन. सगळ्यात वाईट वळण डोळ्यांसमोर आणा आणि बघा, कुठल्या बोटाला एकाच क्षणी दोन कामं पडतायत. तेवढंच एक काम तिथून हलवायचं. बाकी सगळं कुठेही असलं तरी फरक पडत नाही.

उदाहरणाला नोएडाजवळचं बुद्ध सर्किट घेऊ, 5.125 किलोमीटर, सोळा वळणं. कोडमास्टर्सच्या 'एफ-वन 2011' या फॉर्म्युला वनच्या गेममध्ये ते होतं, आणि गंमत म्हणजे गेम सप्टेंबरात आला, खरी शर्यत तिथे 30 ऑक्टोबरला झाली. म्हणजे खुर्चीत बसलेल्यांनी तो ट्रॅक आधी फिरून घेतला, मग सेबास्टियन फेटेल या चालकाने तो खराखुरा जिंकला. तिसऱ्या वळणातून बाहेर पडलात की किलोमीटरभराची सरळ पट्टी लागते. तिथे कामं भरपूर: पूर्ण रेस, एकामागून एक गिअर, केर्सचं बटण (साठवलेल्या ऊर्जेचा जादा जोर), डीआरएसचं बटण (मागचा पंख उघडून वेग वाढवणारं). पण गाडी सरळ चाललेली असते. उजवा अंगठा मोकळा, डावी तर्जनी मोकळी. ही बटणं कितीही आडनिडी असली तरी जमून जातं. लोक नेमकी हीच बटणं हाताशी आणण्यात वेळ घालवतात.

खरी परीक्षा त्या पट्टीच्या शेवटी, चौथ्या वळणावर. ब्रेक पूर्ण दाबायचा, भराभर गिअर पाडायचे, आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी सोय) बंद असेल तर वळता वळता ब्रेक थोडा थोडा सोडत जायचा. एकदम सोडलात तर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळायचं नाकारते. दाबून धरलात तर चाकं जाम. हे 'थोडं थोडं' चालू-बंद बटणावर होतच नाही. म्हणून ब्रेक ट्रिगरवर. पुढे दहा-अकराचं लांबलचक उजवं वळण आहे, तिथे हाच प्रकार रेसचा. अर्ध्याच्या आसपास धरून ठेवायची, गाडी बाहेर सरकू लागली की केसभर कमी करायची. एक्सवर हे टकटक करून कराल, पण ट्रॅक्शन कंट्रोल (रेस देताना चाकं घसरू न देणारी सोय) काढलं असेल तर प्रत्येक टक मागच्या चाकांना एक धक्का.

आणि एक्स-चौकोनाच्या मांडणीत अंगठ्याचं काय होतं बघा. टोक चौकोनावर, पेर एक्सवर, असा आडवा टाकला तर रेस आणि ब्रेक दोन्ही जमतात. पण मग गोल, त्रिकोण आणि उजवी स्टिक, तिन्ही तुमच्यासाठी मेल्यासारखी. गिअर मागच्या बटणांवर न्यावेच लागतात.

गिअर ऑटोमॅटिक असतील तर इथून पुढे तुमचं काम संपलं. मॅन्युअल असतील तर तीन जागा आहेत. बऱ्याच गेममध्ये ते अंगठ्याखालच्या बटणांवर असतात, आणि रेस ट्रिगरवर असेल तर अंगठा तसाही रिकामाच असतो. काही वाईट नाही. दुसरी जागा म्हणजे ट्रिगरच्या वरचे बंपर. इथे मला एक गोष्ट फार उशिरा सुचली आणि सुचल्यावर हसू आलं. गिअर पाडतो तेव्हा आपण ब्रेकवर असतो, म्हणजे उजवी तर्जनी मोकळी. वरचा गिअर टाकतो तेव्हा रेसवर असतो, म्हणजे डावी मोकळी. या हिशेबाने गिअर पाडायचं बटण उजव्या बंपरवर आणि वर टाकायचं डाव्यावर हवं! खऱ्या गाड्यांच्या स्टिअरिंगमागच्या पॅडलवर बरोबर उलटं असतं: उजवा वर, डावा खाली. मी उलटं लावून बघितलं. बोटं खूश, डोकं नाराज. शर्यतीच्या धांदलीत डोकं जिंकतं. म्हणून आता मधलं बोट ट्रिगरवर आणि तर्जनी बंपरवर ठेवतो आणि खऱ्यासारखीच मांडणी वापरतो. हात लहान असेल, विशेषतः मुलांचा, तर ही पकड जमत नाही, हट्ट करू नका. तिसरी जागा म्हणजे रिमोटच्या पाठीवरची पॅडल, एक्सबॉक्स एलिटवर 2015 पासून आहेत आणि आता बऱ्याच स्वस्त रिमोटवरही दिसतात. गिअरसाठी याहून चांगली जागा नाही, कारण तिथली बोटं तशीही नुसती रिमोट धरून बसलेली असतात. पण फक्त गिअरसाठी म्हणून महागडा रिमोट घ्या असं मी कोणाला सांगणार नाही.

हँडब्रेकचा घोळ रॅलीत आणि मोकळ्या मैदानातल्या गेममध्ये होतो. 'फोर्झा होरायझन 5' मध्ये तो मुळात खालच्या ए बटणावर असतो, गिअर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एक्स आणि बीवर, आणि वर वायवर रिवाइंड. म्हणजे हेअरपिन वळणावर, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणावर, गिअर पाडायचा आणि लगेच हँडब्रेक ओढायचा, ही दोन्ही कामं एकाच अंगठ्याला. पायाचा ब्रेक त्या क्षणी बहुतेक सुटलेला असतो, म्हणून क्लच वापरत नसाल तर हँडब्रेक डाव्या बंपरवर न्या. क्लच वापरत असाल तर तो तिथे आधीच बसलेला आहे. मग हँडब्रेक जागेवर ठेवा आणि गिअर हलवा.

काही जण उजव्या स्टिकवर रेस-ब्रेक ठेवतात, वर ढकलली की रेस, खाली ओढली की ब्रेक. प्लेस्टेशन 2 च्या काळातली ही जमात अजून टिकून आहे आणि त्यांच्याकडे बघून मी मुकाट बसतो, कारण त्यांची रेस फार मऊ असते. तोटा एकच: दोन्ही एकदम दाबता येत नाहीत. ब्रेकवर असताना थोडी रेस देऊन गाडी सावरायची असेल तर हात बांधले जातात.

निन्टेन्डो स्विचवर हा सगळा वाद बाद. त्याच्या मागच्या बटणांना दाब कळतच नाही. 'मारिओ कार्ट 8 डिलक्स' मध्ये रेस ए बटणावर असते आणि ती सोडायची फारशी वेळच येत नाही. कौशल्य सगळं ड्रिफ्टच्या (गाडी घसरवत वळवायच्या) बटणावर. अंगठा दुखत असेल तर त्यात आपोआप रेस देण्याची सोय आहे, ती चालू करा. लाजू नका. घरातल्या मोठ्यांना खेळवायचं असेल तर शेजारची स्मार्ट स्टिअरिंगची सोयही चालू करा, गाडी ट्रॅकबाहेर जात नाही आणि त्यांचा उत्साह टिकतो.

एक शंका मात्र बटणं बदलण्याआधी दूर करा. गाडी सरळ रस्त्यावर नागमोडी चालते अशी तक्रार असेल तर तो मांडणीचा दोष नाही, स्टिकच्या डेडझोनचा आहे. स्टिक मधोमध असताना किती हालचाल दुर्लक्षित करायची, ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. जुन्या रिमोटला थोडा वाढवावा लागतो. ट्रिगरचंही तसंच: पूर्ण दाबूनही रेसची पट्टी भरत नसेल तर बाहेरच्या बाजूची मर्यादा कमी करा. बोटं निर्दोष असताना लोक सगळी बटणं उलटीपालटी करून बसतात.

आणि हो, याच्या पाठोपाठ येणारा प्रश्नही मला माहीत आहे: मग स्टिअरिंग व्हीलच घेऊ का? टेबल जड असेल आणि ते रोज मांडायची-आवरायची तयारी असेल तर घ्या. त्यात कुठलं काम कुठल्या बोटाचं हा प्रश्न उरत नाही. टेबल हलतं का, एवढाच उरतो.